पाहुणा येऊन राहिला

१

खेळाचा नियम बदलला की केयूर दोन दिवस कोणाशी नीट बोलत नाही. वकील माणूस आहे. कोर्टात हरला तर हसत घरी येतो, पण त्याचा लाडका 'वडावरची म्हातारी' हा पत्ता नव्या नियमात बाद झाला, तेव्हा त्याने आमच्या घरचा चहासुद्धा परत पाठवला होता. "एवढं मन लावून डेक बांधला, अन् पुण्यात बसून कोणीतरी एक ओळ बदलवते! हे काय चालू आहे बे?" असं तो मलाच सुनावत होता, कारण ती ओळ मराठीत मी लिहिली होती.

आमच्या खेळाचं नाव 'गडमाया'. पत्त्यांचाच खेळ आहे, पण इस्पिक-बदामवाला नाही. यक्ष, राक्षस, चेटकिणी, बोलणारी झाडं असे शेकडो पत्ते असतात. आपापले जमवायचे, त्यातून डेक, म्हणजे आपला गठ्ठा, बांधायचा आणि समोरच्याचा गड पाडायचा. दर काही महिन्यांनी नवा संच येतो आणि संचासोबत नियमही बदलतात. काल ज्या पत्त्याला सगळे टरकून होते, त्याला आज कोणी विचारत नाही. मेलेले पत्ते ठेवायच्या जागेला पुस्तिकेत 'विश्रांतिस्थळ' म्हटलं आहे. तोही शब्द माझाच. आमच्या टेबलावर मात्र त्याला घाट म्हणतात, म्हणजे आमच्याकडचं स्मशान. गोलू ओरडतो, "ने त्याले घाटावर!" आणि सुरुची खरोखर हात जोडते.

मूळ खेळ इंग्रजीत आहे. मराठी आवृत्ती पुण्याची एक कंपनी काढते आणि तिचं भाषांतर मी करतो. दिवसा विमा कंपनीत बसून लोकांचे दावे तपासायचे आणि संध्याकाळी यक्ष-राक्षसांना मराठी बोलायला शिकवायचं, असा माझा संसार आहे. खरं सांगू? मला संध्याकाळचंच काम खरं वाटतं.

तर रविवारी दुपारी, नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, पडदे ओढून, कूलर लावून आम्ही खेळायला बसतो. अदितीचे आलूबोंडे आणि वर झणझणीत तर्री. वर्षानुवर्षं आम्ही चौघंच. मी, म्हणजे मार्तंड, माझी बायको अदिती, वकील केयूर, इतवारीत भांड्यांचं दुकान असलेला गोलू आणि आमची दातांची डॉक्टर सुरुची.

मोजलंत ना? मीही मोजलं. तेच सांगायला बसलो आहे.

२

सुरुवात फोनने झाली. वैभवीचा फोन. ही पुण्याच्या कंपनीतली संपादक. गोड मुलगी आहे, पण तिची शंका म्हणजे निकालच असतो.

"सर, ते 'उंबऱ्यावरचा पाहुणा' आहे ना, नव्या संचातला? त्यावर तुम्ही लिहिलंय, 'पाहुणा येऊन राहिला की प्रत्येकाने त्याला एक पत्ता द्यावा.'"

"बरोबर आहे."

"म्हणजे पाहुणा आला आणि राहिला?"

"छे! अजून आला कुठे? येऊन राहिला."

"आला नाही, तर राहिला कसा?"

"अगं, राहिला नाही. येऊन राहिला. रस्त्यात आहे. जिन्यात आहे समज."

पलीकडे पुस्तिकेची पानं उलटली. मग ती अगदी हळू म्हणाली, "सर, तुम्हाला 'येत आहे' असं म्हणायचंय का?"

मला दरदरून घाम फुटला. आमच्या नागपुरात माणूस जेवत नसतो, जेवून राहिला असतो. झोपत नसतो, झोपून राहिला असतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातलं हे 'राहिला' शोधून शोधून खोडत आलो, आणि माझ्याच हातून ते निघालं तेव्हा मला दिसलंसुद्धा नाही. कानाला खटकलंच नाही, तर दिसणार कसं? आणि तो पत्ता छापून महाराष्ट्रभर पोचला होता.

"इकडे सगळे तसंच खेळतायत हो," वैभवी हसत म्हणाली. "बाकीचे पाहुणे फेरी संपली की डब्यात परत जातात. हा मात्र येतो आणि राहतो. आम्ही ऑफिसात खेळून पाहिलं, आमच्याकडून पण जाईचना. तुम्ही दुरुस्ती पाठवा ना. सोमवारी चालेल, पुढच्या. ती नीट आली की पुढचा संचही तुमच्याकडेच, असं साहेब म्हणाले."

मी "हो हो, पाठवतो" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली.

३

रविवारी हे टेबलावर सांगितलं, तर मंडळी हसून हसून लोळली. सुरुची दातांची डॉक्टर असल्यामुळे तोंड पूर्ण उघडून हसते. केयूरने तर उभं राहून न्यायालयासमोर माझी बाजू मांडली. "माय लॉर्ड, माझ्या अशिलाची मातृभाषाच साक्षीदार फोडून राहिली!"

"मी काय म्हणतो," गोलू म्हणाला, "दुरुस्ती येईपर्यंत आपण छापलं आहे तसंच खेळू ना. पुणेरी पद्धतीनं. आला अन् राहिला."

त्याच्याकडे तो पत्ता होताच. त्याने तो टेबलावर आपटला आणि दाराकडे तोंड करून आरोळी ठोकली, "पाहुणा येऊन राहिला गाऽऽ!"

प्रत्येकाने एक पत्ता पालथा घालून टेबलाच्या मधोमध ठेवला. पाहुण्याचा हात तयार झाला. "अहो, पाहुण्याले पाणी त विचारा कोणी," असं म्हणत कोणीतरी आतून गूळ आणि पाण्याचा ग्लास आणला. केयूर म्हणाला, "या, बसा साहेब, उन्हातून आलात." मजा चालली होती. खेळही फार रंगला. इतका की मी गड गमावला तरी मला वाईट वाटलं नाही.

मधेच कधीतरी जाणवलं की टेबलाशी दाटी झाली आहे. माझ्या कोपराला कोणाचं तरी कोपर लागत होतं. आमचं टेबल छोटं, खुर्च्या चारच, आणि बाल्कनीतला प्लास्टिकचा स्टूल आत आला होता. त्यावर सुरुची बसली होती.

"स्टूल काहून आणला वं?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? मी नेहमी यावरच बसते. माझी पाठ दुखते खुर्चीत."

खरंच की. ती नेहमी त्यावरच बसते, मला चांगलं आठवलं. मग चहा झाला, पुन्हा बसलो, तर स्टूलवर गोलू. "अबे, माझी जागाच आहे ही," तो म्हणाला. तेही मला चांगलं आठवलं.

पाहुण्याचे पालथे पत्ते टेबलावर नव्हते. कोणीतरी उचलून हातात धरले होते आणि मुकाट्याने आपली पाळी खेळत होतं. मी डब्याच्या कडेला काय छापलं आहे ते वाचलं. खेळाडू, दोन ते चार. आणि आम्ही पाच जण दुपारभर खेळत होतो, कोणाचंही काही अडलं नव्हतं.

४

मी विमावाला माणूस. एखादा दावा खोटा वाटला तर मी घाबरत नाही, कागद मागवतो. तेच करायचं ठरवलं.

आधी मोबाईलमधले फोटो काढले. प्रत्येक रविवारचा फोटो होता आणि प्रत्येकात चौघंच होते. जीव भांड्यात पडला. मग पाहिलं, तर प्रत्येक फोटोतले चौघं वेगळे. अर्थात! पाचवा फोटो काढत असणार. याच्यावर काय बोलायचं?

मग एकेकाला फोन केला. "आपण किती जण खेळतो रे?" "चार," केयूर म्हणाला. "नावं सांग." त्याने धडाधड पाच नावं सांगितली आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना बे? ऊन लागलं काय?" गोलूचं तेच. सुरुचीचं तेच, वर तिने मला अक्कलदाढ दाखवायला बोलावलं.

म्हटलं, आठवणी तपासू. नवा माणूस असेल तर त्याच्या आठवणी पातळ असतील. गोलू आणि मी लहानपणी इतवारीत त्याच्या बाबांच्या दुकानात लपाछपी खेळायचो. लग्नाच्या स्वयंपाकाच्या मोठ्या गंजात तो लपायचा आणि मी वरून झाकण वाजवायचो. केयूर खालच्या मजल्यावरचा. माझ्या बाबांना रात्रीचा अटॅक आला तेव्हा आपल्या स्कूटरवर मधे बसवून त्यानेच दवाखान्यात नेलं. सुरुचीने माझी दाढ कोरता कोरता मला प्रश्न विचारले होते आणि उत्तर देत नाही म्हणून ती रागावली होती. आणि अदिती! मौद्याला आमच्या लग्नात मंडपवाल्याने फ्यूज उडवला, ऐन मंगलाष्टकांत अंधार झाला, आणि अंतरपाटाच्या पलीकडून ती एकटी खुदकन हसली होती. ते हसू मला आजही ऐकू येतं.

सगळ्याच आठवणी घट्ट. एकीचाही धागा ओढला तर निघेना. मी स्वतःलाही सोडलं नाही. माझा शाळेचा दाखला काढून पाहिला, पण दाखले तर त्यांचेही असतीलच. कपाट बंद केलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिलो. बाहेर कूलरमधून पाणी ठिबकत होतं, आणि हा सगळा कामाचा ताण आहे, डोक्यात दुसरं काही नाही, असं मी मोठ्याने म्हणून पाहिलं. माझं मलाच पटलं नाही.

५

"असे गुमसुम काहून बसले?" अदिती गहू निवडता निवडता म्हणाली.

सांगितलं तिला सगळं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने मूठभर गहू सुपात इकडून तिकडे केले.

"एक जास्त आहे त असू द्या ना," ती म्हणाली. "बोंडे कमी पडले काय कधी?"

"बोंड्यांचं नाही गं. मला दुरुस्ती पाठवायची आहे. 'फेरी संपली की पाहुणा परत जातो.' ती लागू झाली, तर जो आला तो जाईल."

"मंग? तुम्हाले कोण नको आहे?"

मी एकेक चेहरा समोर आणला. गोलू? अरे बाप्पा, गोलूशिवाय मी इतवारीच्या गल्लीत पाय ठेवणार नाही. केयूर? सुरुची? आणि अदितीच्या हातांकडे पाहिलं, गव्हातले खडे वेचत होते ते हात, तेव्हा मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. गेलेलं माणूस आपल्या आठवणींसकट जाणार. मग मी रडणार तरी कोणासाठी? पुढच्या रविवारी चौघं बसू, हसू, खेळू, आणि मला वाटेल की आम्ही पहिल्यापासून एवढेच होतो.

"कोणी नको आहे असं नाही," मी म्हणालो. "सगळेच हवे आहेत."

"मंग नका पाठवू," ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

एवढं सोपं! पण मी भाषांतरकार आहे. छापलेली चूक मला झोपू देत नाही, आणि पुढचा संच हातचा जाईल हीही धाकधूक होती. दुरुस्तीची ओळ मी मोबाईलमध्ये लिहून ठेवली. पाठवली नाही.

६

आमच्या टेबलाचा एक रिवाज आहे. नवा नियम कागदावर आला म्हणून लागू होत नाही, तो टेबलावर मोठ्याने वाचावा लागतो. केयूरनेच लावलेली शिस्त. त्यामुळे रविवारी मी ठरवलं होतं की दुरुस्तीचं नावच काढायचं नाही.

खेळ जोरात होता. सुरुचीने गोलूचा आख्खा डेक घाटावर पोचवला होता आणि वर त्याला दोन शब्द सांत्वनाचे ऐकवत होती. मी पाणी प्यायला उठलो, आणि तेवढ्यात केयूरने माझा मोबाईल उचलला.

"हे पाहा, दुरुस्ती लिहून ठेवली आहे अन् लपवून राहिला!"

"केयूर, ठेव ते."

"काहून? नियम आहे, लपवायचा काय?"

"ठेव म्हणतो ना!" माझा आवाज चढला. सगळे दचकले, आणि मग हसले. मी रागावलो की ते नेहमीच हसतात. केयूरने घसा खाकरला आणि कोर्टातला आवाज लावून वाचलं, "'पाहुणा येत असताना प्रत्येकाने त्याला एक पत्ता द्यावा. फेरी संपली की पाहुणा परत जातो.' मंजूर?"

"फेरी त संपलीच आहे," गोलू म्हणाला.

आणि लाईट गेली.

कूलर घरघर करत थांबला. बाहेर उन्हाचा भडका असल्यामुळे जाड पडदे ओढलेले होते. खोलीत माणसं दिसत होती, चेहरे दिसत नव्हते. लाईट गेली की होतं तसंच झालं. कोणी मीटर पाहायला उठलं, कोणी खिडकीकडे गेलं, कोणी आत वारा घ्यायला काही शोधू लागलं. खुर्च्या सरकल्या. "बाप्पा, काय गरमी आहे," असं कोणीतरी म्हणालं.

मग पॅसेजमधून चपलांचा आवाज आला.

मी तिकडे पाहिलं. दाराखालून उन्हाची पट्टी आत येत होती, आणि तेवढ्या उजेडात चपलांच्या रॅकपाशी दोन पाय दिसले. वरचं सगळं अंधारात. त्या पायांनी एक चप्पल घातली. जरा थांबून काढली. दुसरी घातली, तीही काढली. मग सँडल. मग माझे बूट. रॅकवरची प्रत्येक जोडी त्या पायांनी एकेक करून घालून पाहिली, कुठलीच घाई न करता. आपली कोणती ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटी ते तसेच, अनवाणी, दाराकडे वळले. कडी हलली.

"जाऊ मग?"

आवाज ओळखीचा होता. इतका ओळखीचा की नाव माझ्या ओठांपर्यंत आलं. ते मी गिळलं. मुद्दाम, जोर लावून गिळलं आणि टेबलाकडे मान वळवली नाही, कारण वळवली असती तर तिथे कोण नाही ते मला दिसलं असतं.

जे तोंडातून निघालं ते माझ्या आईचं होतं. घरातून निघताना कोणी चुकून तसं म्हटलं की ती जशी खेकसायची, तसाच मी खेकसलो. "जाऊ काय? आमच्या घरात 'जाऊ' म्हणत नाहीत! 'येऊ' म्हणायचं!"

कडीचा आवाज थांबला.

"येऊ?" अगदी हळू, लहान मूल विचारतं तसं.

"ये," मी म्हणालो. "ये न. आत ये, फरशी तापली असेल."

लाईट आली. कूलर धडधडला. टेबलाभोवती सगळे बसले होते, पत्ते हातात, घामाघूम. गोलू शेवटच्या बोंड्यावर हक्क सांगत होता आणि सुरुची त्याचं पथ्य काढत होती. अदितीने माझ्याकडे पाहून विचारलं, "कोणावर ओरडून राहिले होते?"

"केयूरवर," मी म्हणालो. मोबाईल त्याच्या हातातून घेतला, ओळ खोडली, आणि सगळ्यांदेखत मोठ्याने जाहीर केलं की या टेबलावर जुनाच नियम चालेल, छापला आहे तसा. केयूरने हरकत नोंदवली. बाकीच्यांनी ती फेटाळून लावली. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला आणि कप मोजले नाहीत.

७

सोमवारी वैभवीला फोन लावला. भांडायची पूर्ण तयारी होती. 'येऊन राहिला' हे आमच्याकडचं शुद्ध मराठी आहे, ते बदलणार नाही, पुढचा संच खुशाल दुसऱ्याला द्या, असं सगळं आरशासमोर म्हणून झालं होतं.

"दुरुस्ती नको, सर," माझ्या आधी तीच म्हणाली.

"नको? काहून?"

"शुक्रवारी आम्हीच एक कच्ची दुरुस्ती केली. सगळ्यांसमोर वाचून दाखवली, खेळलो, हसलो, घरी गेलो. माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे, सर. सगळे म्हणतात ते पहिल्यापासून रिकामंच होतं. मलाही तसंच आठवतंय. तिथे आता प्रिंटर ठेवणार आहेत."

"मग?"

"मग काहीच नाही. फक्त मला शुक्रवारपासून रडू येतंय. जेवताना येतं, गाडीवर येतं. आई विचारते काय झालं, मला सांगताच येत नाही. कोणासाठी रडतेय तेच कळत नाहीये हो."

माझं सगळं भांडण विरून गेलं. स्वयंपाकघरातून अदितीच्या बांगड्या वाजत होत्या, आणि त्या ऐकू येत आहेत एवढंच मला पुरेसं होतं. ते तिला कसं सांगणार?

"पोरी, असं कर," मी म्हणालो. "या रविवारी नागपूरला ये. इथे सगळी वेडी माणसं आहेत, बोंडे आहेत, दुपारभर खेळू. जागा करतो आम्ही."

ती नाक ओढत हसली. किती दिवसांनी हसत असावी असं वाटलं.

"येऊ ना आम्ही दोघं," ती पटकन म्हणाली, आणि मग तिने स्वतःलाच विचारलं, "दोघं कोण?"